समोरच्या अंगणातली पाटी

'टॅक्स नाही, थंडी नाही, घरं स्वस्त!' एवढ्या तीन गोष्टींवर आम्ही टेक्सासला राहायला आलो. इथलं राजकारण कसं आहे, हे विचारायचं राहूनच गेलं. मग ते एकेक करत आमच्या दारातून आत आलं...

रविवारची दुपार. संध्याकाळी चार मित्र जेवायला येणार, घरात मटण शिजतंय आणि नवरा व्हिस्की आणायला गेलेला. पंधरा मिनिटांत स्वारी हात हलवत परत!

'दुकान बंद आहे.'

'मग दुसऱ्या दुकानात जा.'

'सगळीच बंद आहेत. अख्ख्या राज्यात.'

ड्राय डे? निवडणूक? कुणी गेलं का? छे! नुसता रविवार. रविवारी देवाचं नाव घ्यायचं, बाटलीचं नाही, असा इथला जुना शिरस्ता. बिअर आणि वाइन सुपरमार्केटमध्ये मिळते, तीही सकाळी दहानंतर. २०२१ पर्यंत त्यासाठीही दुपारी बारापर्यंत थांबावं लागायचं. व्हिस्की-रम मात्र थेट सोमवारी.

ही आमची टेक्सासशी पहिली ओळख. २०१७ साली न्यू जर्सीतलं भाड्याचं अपार्टमेंट सोडून आम्ही डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोमध्ये आलो, तेव्हाची. पुढच्या महिन्यात गाडी घ्यायला निघालो, तर शोरूमवाला म्हणाला, शनिवारी या, रविवारी आम्ही बंद. शनिवार-रविवारपैकी एक दिवस शोरूम बंद ठेवायची, हाही कायदाच! १९६१ मध्ये तर बेचाळीस वस्तूंची यादीच होती. भांडीकुंडी, वॉशिंग मशीन वगैरे वस्तू शनिवारी आणि रविवारी अशा लागोपाठ दोन्ही दिवशी विकायच्या नाहीत. ती यादी १९८५ मध्ये रद्द झाली.

आम्ही खूप हसलो. पुण्यात दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात म्हणून आमची थट्टा करणाऱ्यांना हे ऐकवायलाच हवं, असं ठरवून टाकलं.

स्वस्ताई आणि शेजार

फ्रिस्को म्हणजे आपलं हिंजवडी-वाकड समजा. २००० साली वस्ती तेहेतीस-चौतीस हजार, २०२० मध्ये दोन लाख. जिकडे बघावं तिकडे नवी घरं, आयटीवाले, इडली-डोसा आणि प्रशस्त हनुमान मंदिर. राज्याचा इन्कम टॅक्स शून्य. पहिला पगार हातात आला तेव्हा नवऱ्याने स्लिप दोनदा वाचली. अर्थात, सरकार एका हाताने सोडतं आणि दुसऱ्या हाताने घेतं. घर घेतल्यावर प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं, घराच्या किमतीच्या जवळपास दोन टक्के, दरवर्षी! त्यातला मोठा वाटा शाळांचा. शाळा चांगल्या आहेत, त्यामुळे कुरकुर करतो आणि भरतो.

आमच्या समोर सत्तरीच्या एक बाई राहतात. पांढरेशुभ्र केस, मोठ्ठा पिकअप ट्रक, दर रविवारी चर्च. आम्ही राहायला आलो त्याच संध्याकाळी हातात पाय घेऊन हजर. 'हनी, यात अंडं आहे, चालेल ना?' माझी लेक त्यांना 'टेक्सास आजी' म्हणते.

आजींच्या अंगणात निवडणूक आली की पाट्या उगवतात. इथली ही पद्धतच आहे. आपल्याकडे चौकात फ्लेक्स लागतात, इथे ज्याच्या-त्याच्या हिरवळीवर उमेदवाराच्या नावाची छोटी पाटी. आजींच्या पाट्या कायम रिपब्लिकन. त्यात नवल नाही. १९९४ नंतर टेक्सासमध्ये राज्यपातळीवरची एकही निवडणूक डेमोक्रॅट जिंकलेले नाहीत. त्या पाट्यांच्या शेजारी एक छोटी पाटी मात्र बारमाही असते. तिच्यावर बाळाची दोन इवलीशी पावलं आहेत आणि खाली लिहिलंय, प्रत्येक जीव मोलाचा. गर्भपाताला विरोध करणाऱ्यांची पाटी.

मला ती गोड वाटायची. कित्येक वर्षं मी तिच्याकडे त्यापलीकडे बघितलंच नव्हतं.

उजेड गेला तेव्हा

फेब्रुवारी २०२१. 'थंडी नाही' म्हणून आलेल्या आम्हाला उणे एकोणीस अंश बघायला मिळाले. आणि वीज गेली. तासाभरासाठी नाही, तीन दिवस! अमेरिकेत! लोडशेडिंगमध्ये वाढलेले आम्ही, पण लोडशेडिंगमध्ये कधी नळातलं पाणी गोठलं नव्हतं हो.

कारण नंतर कळलं. टेक्सासच्या बहुतेक भागाचं वीजजाळं स्वतंत्र आहे, शेजारच्या राज्यांशी नावापुरतंच जोडलेलं. वॉशिंग्टनचे नियम लागू होऊ नयेत म्हणून हा सवतासुभा. विहिरी, पाइपलाइन, वीज केंद्रं गोठली आणि बाहेरून पुरेशी वीज आणायची सोयच नव्हती. पंचेचाळीस लाख घरं अंधारात गेली. सरकारी आकड्यानुसार २४६ माणसं दगावली. त्यानंतर वीज केंद्रांनी थंडीची तयारी ठेवायची, असा कायदा झाला.

आमची शेगडी विजेची, हीटर विजेचा. आजींकडे गॅसवरची फायरप्लेस. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बर्फातून काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, 'उशा घ्या आणि चला.' दोन रात्री आम्ही तिघं त्यांच्या हॉलमध्ये गाद्या टाकून झोपलो. त्यांनी आमच्यासाठी प्रार्थना केली, आम्ही त्यांना आलं घालून चहा केला. सरकार लहानच हवं, माणसांनी माणसांकडे बघावं, असं त्यांचं मत. त्या दोन रात्री मला ते मत पटल्यासारखं वाटलं. पण मनात आलंच, समोर आजी नसत्या तर?

दारावरची सूचना

लेक शाळेत जायला लागली. एके दिवशी घरी आरती झाल्यावर तिने उजवा हात छातीवर ठेवला आणि घडाघडा काहीतरी म्हणायला लागली. टेक्सासच्या झेंड्याची प्रतिज्ञा! इथे मुलं रोज दोन प्रतिज्ञा म्हणतात, एक देशाची आणि एक राज्याची. मग एक मिनिट शांतता. राज्याच्या प्रतिज्ञेत २००७ मध्ये देवाचा उल्लेख घातला गेला. आमच्या देवघरातल्या गणपतीने तीही ऐकून घेतली. २०२५ मध्ये तर सरकारी शाळांच्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञा लावायचा कायदा झाला. तो लगेच कोर्टातही गेला.

हे सगळं चालून जातं. चालून जात नाही ती दुसरी सूचना. दवाखान्याच्या, दुकानाच्या, मंदिराच्याही दारावर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलेलं दिसतं, की बंदूक घेऊन आत येऊ नका. आपल्याकडे 'चपला बाहेर काढाव्यात' असतं ना, तसं. ज्या दारावर ही सूचना नाही, तिथे काय समजायचं? २०२१ च्या सप्टेंबरपासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला बंदूक बाळगून फिरायला परवानाही लागत नाही.

६ मे २०२३ च्या शनिवारी शेजारच्या ॲलन गावातल्या आउटलेट मॉलमध्ये एकाने गोळीबार केला. आठ माणसं गेली. त्यात हैदराबादची एक तरुण इंजिनीअर होती. तो मॉल आमच्या नेहमीच्या जाण्यातला. भारतातून पाहुणे आले की बॅगा-परफ्यूमची खरेदी तिथेच. त्या रात्री व्हॉट्सॲपवर सगळे एकमेकांना एकच विचारत होते, 'घरी आहात ना?' तेव्हापासून कुठेही गेले तरी बाहेर पडायचं दार कुठे आहे, ते मी आधी बघून ठेवते. ही सवय लागलीय, हे कळायलाही मला काही महिने लागले.

चार दिवस

आता जे सांगायचं म्हणून हे लिहायला बसले, ते.

२०२२ चा ऑक्टोबर. मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. नववा आठवडा. गुरुवारी ऑफिसमध्ये ब्लीडिंग सुरू झालं. सोनोग्राफी केली. बाळाचे ठोके होते, पण फार संथ. डॉक्टर बाई खूप चांगल्या, पहिल्या बाळंतपणापासूनच्या. त्या म्हणाल्या, 'आपण सोमवारपर्यंत थांबू.'

मी विचारलं, 'हे टिकणार नाही, असं तुम्हाला वाटतंय का?'

'लक्षणं चांगली नाहीत.'

'मग थांबायलाच हवं का?'

त्या उठल्या, खोलीचं दार नीट लागलंय ना ते बघितलं आणि परत येऊन बसल्या. त्यानंतरचं प्रत्येक वाक्य त्यांनी आधी मनात लिहून मग वाचल्यासारखं उच्चारलं. टेक्सासमध्ये त्या वर्षीच्या २५ ऑगस्टपासून गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आली होती. आईच्या जिवाला धोका असेल तरच मुभा. नियम मोडला तर डॉक्टरला नव्याण्णव वर्षांपर्यंतची कैद आणि कमीत कमी एक लाख डॉलर दंड. ठोके चालू होते. माझ्या जिवाला धोका नव्हता. म्हणजे, अजून नव्हता.

मी फोनवर आईला सांगितलं. ती पुण्यात बसून वैतागली. 'अगं, डॉक्टरांशी बोलून काय ते ठरवायचं. यात सरकार कुठून आलं?' आपल्याकडे १९७१ पासून कायदा आहे. तिला हा प्रश्नच कळत नव्हता. खरं सांगायचं तर पुण्यातले डॉक्टरही कदाचित 'थांबू' असंच म्हणाले असते. पण ते त्यांच्या शास्त्राने म्हणाले असते, आणि मला थांबायचं नसेल तर पुढचं बोलले असते. इथे माझ्या डॉक्टरच्या तोंडून नक्की कोण बोलतंय, तेच मला कळत नव्हतं.

रात्री नवरा नकाशा उघडून बसला. टेक्सासला चार राज्यं लागून आहेत. तिघांत तशीच बंदी. उरलं न्यू मेक्सिको, गाडीने दहा तास. पाठीला उशी लावून, ब्लीडिंग होत असताना?

या चार दिवसांत लेकीला कुणी सांभाळलं? टेक्सास आजींनी. शाळेतून आणलं, खाऊ घातलं, झोपवलं. माझ्यासाठी बिनमांसाचा कॅसरोल करून आणला. पलंगाशी बसून माझा हात हातात घेतला, डोळे मिटले आणि बाळासाठी देवाला साकडं घातलं. त्या रडल्या. मीही रडले. खिडकीतून त्यांच्या अंगणातली ती दोन पावलं दिसत होती. आम्ही दोघींनीही तिकडे बघितलं नाही.

सोमवारी ठोके थांबलेले होते. मग सगळं भराभर झालं. संध्याकाळी मी घरी. ठोके थांबल्यावर कायद्याच्या लेखी तो गर्भपात नसतो. चार दिवस मी नेमकी कशाची वाट बघत होते, ते मला तेव्हा कळलं.

नोव्हेंबरमध्ये निवडणूक झाली. गव्हर्नर ग्रेग ॲबट जवळपास अकरा टक्क्यांच्या फरकाने पुन्हा निवडून आले. त्या दिवशी मी खिडकीत बसून रांगेला निघालेले शेजारी बघत होते. मी टॅक्स भरते, शाळेत व्हॉलंटिअर म्हणून जाते, गणपतीत लेझीम शिकवते. पण मी एच-वन-बीवर. मला मत नाही.

एक फोन

आजींना मी खरं काय झालं ते सांगितलं, तेव्हा दोन वर्षं उलटली होती. त्यांच्या व्हरांड्यात, आइस टी पिताना, अगदी सहज विषय निघाला. ते चार दिवस, बंद केलेलं दार, नव्याण्णव वर्षं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, 'मला वाटलं होतं, अशा वेळी डॉक्टरांना मोकळीक असते.'

मी म्हटलं, 'मलाही तसंच वाटलं होतं.'

आमचा वाद झाला नाही. पाटीही हलली नाही. इथलं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षी, १४० दिवस भरतं. २०२५ च्या अधिवेशनात एक दुरुस्ती आली. बंदी कायम, पण आईचा जीव धोक्यात असेल तर तो धोका अगदी दारात येऊन उभा राहीपर्यंत डॉक्टरांनी थांबायची गरज नाही, हे कायद्यात स्पष्ट केलं गेलं. दोन्ही पक्षांनी मिळून ती मंजूर केली.

माझ्यासारख्या केसमध्ये या दुरुस्तीने काही बदललं नसतं, हे मला माहीत आहे. तरी सांगते. जूनमधल्या एका सकाळी आजी रस्ता ओलांडून आल्या, हातात वर्तमानपत्र. म्हणाल्या, 'मी आपल्या प्रतिनिधीच्या ऑफिसला फोन केला होता. दोनदा. तुझं नाव नाही सांगितलं. नुसतं म्हटलं, माझ्या शेजारणीला चार दिवस थांबावं लागलं.'

मी त्यांना आत बोलावलं. आलं घालून चहा टाकला.

सुट्टीवर पुण्याला आले की मित्रमैत्रिणी म्हणतात, 'राजकारण? बोअर यार! आपल्याला काय फरक पडतो?' मतदानाची सुट्टी जोडून लोणावळ्याचं बुकिंग झालेलं असतं. पूर्वी मीही त्या गाडीत असायचे. आता मी त्यांच्याशी भांडत नाही. फक्त समोरच्या अंगणातल्या पाटीची गोष्ट सांगते आणि विचारते, 'तुमच्याकडे मत आहे ना?'