कुष्ठरोग ‘संपला’ म्हणजे नेमकं काय झालं?

‘कुष्ठरोग? तो अजून आहे? सरकारनं संपल्याचं जाहीर केलं होतं ना!’ शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. या समजापायी पाठीवरच्या बधिर चट्ट्यावर गजकर्णाचं मलम चोळण्यात महिने जातात आणि मग एक दिवस हाताची बोटं वाकायला लागतात.

डिसेंबर २००५ मध्ये भारतानं गाठलं ते एवढंच: देशपातळीवर दर दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण. जागतिक आरोग्य संघटना याला ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून दूरीकरण’ म्हणते. लोकांनी त्यातला शेवटचा शब्द तेवढा लक्षात ठेवला. हिशेब करून पाहा. १४० कोटींच्या देशात ही अट पाळूनही जवळपास १ लाख ४० हजार रुग्ण असू शकतात. शिवाय या आकड्यात धरले जातात ते उपचार चालू असलेलेच. बहुविध औषधोपचार सहा किंवा बारा महिन्यांचा. तो पूर्ण झाला की नाव यादीतून जातं.

म्हणून बघायचे ते वर्षभरात नव्यानं सापडलेले रुग्ण. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये भारतात ते १ लाख ७ हजारांवर होते, साऱ्या जगातल्या नव्या रुग्णांच्या निम्म्याहून जास्त. त्यांत लहान मुलंही असतात. दहा वर्षांच्या मुलाला झालेली लागण २००५ च्या आधीची कशी असेल? रोग आजही पसरतो आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

‘पण मधे आकडे घटले होते!’ हो, घटले होते. २०१९ मध्ये १ लाख १४ हजार नवे रुग्ण सापडले, २०२० मध्ये ६५ हजार. एका वर्षात रोग एवढा ओसरत नाही. कोविडच्या काळात घरोघरची तपासणी थांबली होती. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीसही. अशा रोगाचा शोध थांबवला तर तो कमी झाल्यासारखा दिसणारच.

खरोखर संपला तो नारू. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र २००० साली मिळालं. त्यानंतर एकही रुग्ण नाही. याला संपणं म्हणतात.

बाकीच्या समजुतींना एकेक ओळ पुरे. कुष्ठरोग आनुवंशिक नाही; नॉर्वेच्या हॅन्सेननं त्याचा जंतू १८७३ मध्येच दाखवला. नुसत्या स्पर्शानं तो जडत नाही, आणि बहुतेकांच्या शरीरात त्याला पुरून उरणारी प्रतिकारशक्ती असते. बोटं आपोआप ‘झडत’ नाहीत; मज्जातंतू बधिर झाल्यानं चटका, जखम कळत नाही आणि ती चिघळत जाते. कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे. उपचार पूर्ण केलेल्या माणसाच्या हाताची विकृती राहिली, तरी त्याच्यापासून कुणाला लागण होत नाही. असं असूनही जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून निघायला २०१९ साल उजाडावं लागलं.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तो खाजत नसेल, दुखत नसेल, तिथे स्पर्श कळत नसेल, तर मलम बाजूला ठेवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. औषध तिथे मोफत मिळतं. घरातल्यांनाही तपासून घ्या. रुग्णाच्या सहवासातल्यांना रिफॅम्पिसिनचा एक प्रतिबंधक डोस दिला जातो.