कठडा दीड मिलिमीटरचा, इतिहास ‘विक्रांत’चा

घुग्घुस : वर्धा नदीकाठचे घुग्घुस हे कोळसा, सिमेंट आणि लोखंडाचे गाव. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही येथील एखाद्या वसाहतीतील खोलीत, टेबलावरच्या दिव्याखाली, हातभर लांबीची विमानवाहू नौका उभी राहू शकते. त्यासाठी बंदर लागत नाही. लागतो तो चिमटा, धारदार पाते, भिंग आणि भरपूर चिकाटी. मात्र बाजारातून आणलेला प्लास्टिकचा संच जोडला म्हणजे नौका तयार झाली, असे या छंदातील जाणकार मानत नाहीत. खरे काम त्यानंतर सुरू होते. कठडे, शिड्या, रडारच्या जाळ्या, तोफांच्या नळ्या, डोलकाठीवरील तारा असे सूक्ष्म सुटे भाग वेगळे मिळवून किंवा घडवून बसवणे, हाच या छंदाचा गाभा आहे. मोटारीला जसे मूळ कंपनीबाहेरचे भाग बसवतात, तसेच हे भाग संच बनविणाऱ्या कंपनीचे नसतात. म्हणूनच त्यांना ‘आफ्टरमार्केट’ भाग म्हणतात.

हे भाग केवळ शोभेसाठी बसवले जातात, असा अनेकांचा समज असतो. भारतीय युद्धनौकांच्या बाबतीत तरी तो चुकीचा ठरतो. कारण ज्या नौकांच्या प्रतिकृती करावयाच्या, त्यातील बहुतेक नौका आज अस्तित्वातच नाहीत.

प्लास्टिक कुठे कमी पडते?

या सूक्ष्म भागांची गरज समजून घ्यायची तर थोडे गणित करावे लागते. नौकांच्या प्रतिकृतींमध्ये १:७०० हे प्रमाण अतिशय लोकप्रिय आहे. जपानमधील शिझुओका प्रांतातील टामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या चार कंपन्यांनी १९७१ मध्ये एकत्र येऊन या प्रमाणातील ‘वॉटरलाइन’ मालिका सुरू केली आणि ते जगभर रूढ झाले. या प्रमाणात २१३ मीटर लांबीची ‘विक्रांत’ सुमारे साडेतीस सेंटिमीटरची होते. पावणेदोन मीटर उंचीचा नौसैनिक अडीच मिलिमीटरचा, तर त्याच्या कमरेइतका मीटरभर उंच कठडा जेमतेम दीड मिलिमीटरचा होतो.

खरी अडचण जाडीची आहे. कठड्याची लोखंडी सळई प्रत्यक्षात तीन-चार सेंटिमीटर जाड असेल, तर १:७०० प्रमाणात तिची जाडी ०.०५ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी भरते. वितळलेले प्लास्टिक पोलादी साच्यात दाबून इतकी बारीक कांडी काढता येत नाही. समजा, ती ०.४ मिलिमीटरची निघाली, तर मूळ आकारात तिचा अर्थ २८ सेंटिमीटर होतो. म्हणजे कठड्याची सळई वीतभराहून जाड! त्यामुळे बहुतेक कंपन्या कठडे देतच नाहीत. रडारची जाळी त्या ठोकळ्यासारखी भरीव देतात आणि शिडी भिंतीवरच उठावाने दाखवतात.

पितळ, लेथ आणि रेझिन

या अडचणीवरील पहिला उपाय म्हणजे पितळेच्या पातळ पत्र्यातून कोरलेले भाग. त्यांची पद्धत इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील सर्किट बोर्ड बनविण्याच्या पद्धतीशी मिळतीजुळती आहे. साधारण ०.१ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर प्रकाशसंवेदी लेप देतात. त्यावर आराखड्याची फिल्म ठेवून अतिनील प्रकाश टाकला की भागांच्या आकारावरील लेप घट्ट होतो. उरलेला लेप धुऊन पत्र्यावर फेरिक क्लोराइडसारख्या रसायनाचा मारा केला की उघडे पितळ विरघळते आणि जाळीदार नक्षी मागे राहते. तिलाच ‘फोटो-एच’ म्हणतात. चेक प्रजासत्ताकातील एडुआर्ड, चीनमधील फ्लायहॉक अशा कंपन्यांचे हे पत्रे जगभरातील छंदिष्टांना परिचित आहेत.

दुसरा उपाय तोफांच्या नळ्यांसाठी. पितळ किंवा ॲल्युमिनियमच्या काडीवर बारीक लेथकाम करून त्या बनवतात. सहा इंची तोफेचे तोंड १:६०० प्रमाणात पाव मिलिमीटरचे भरते. तेवढे छिद्रही त्यात पाडलेले असते. तिसरा उपाय रेझिनचा. सिलिकॉनच्या मऊ साच्यात ओतलेले रेझिन पोलादी साच्यातील प्लास्टिकपेक्षा अधिक बारकावे टिपते. होड्या, दिशादर्शक यंत्रे, विमाने असे भाग त्यात येतात. अलीकडच्या काळात रेझिनवर चालणाऱ्या त्रिमितीय छपाईने हे काम आणखी सोपे केले. ज्या भागाला व्यापारी मागणी नाही, असा भागही आराखडा करून एकदोन नगांपुरता छापून घेता येतो. भारतीय नौकांच्या प्रतिकृतींना त्याचा मोठा आधार मिळाला.

चौथा प्रकार लाकडी डेकचा. जुन्या युद्धनौकांच्या डेकवर सागवानी फळ्या असत. त्या दाखवण्यासाठी लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा लेझरने कापून चिकटवतात. आलापल्लीच्या सागाची कीर्ती ठाऊक असलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांना खारे पाणी आणि उन्हापुढे टिकणाऱ्या या लाकडाची थोरवी सांगायला नको. ‘विक्रांत’चे उड्डाण-डेक मात्र पोलादी होते. त्यावर लाकडी पापुद्रा चढवला तर प्रतिकृती सुंदर दिसेल, पण ती ‘विक्रांत’ राहणार नाही.

नौका कोणत्या वर्षाची?

येथे या छंदातील कळीचा प्रश्न येतो. प्रतिकृती कोणत्या नौकेची, एवढे ठरवून भागत नाही. ती कोणत्या वर्षाची, हेही ठरवावे लागते.

‘विक्रांत’ मूळची ब्रिटिश नौदलाची ‘हर्क्युलिस’. तिचे जलावतरण २२ सप्टेंबर १९४५ रोजी झाले. पण युद्ध संपल्याने काम अर्धवट राहिले. भारताने ती १९५७ मध्ये विकत घेतली. बेलफास्ट येथे तिरके डेक आणि वाफेवर चालणारे कॅटापल्ट बसवून ती पूर्ण करण्यात आली आणि ४ मार्च १९६१ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली. डिसेंबर १९७१ च्या युद्धात तिच्यावरील सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले चढवले. १९८३ मध्ये सी हॅरियर विमाने आली. पुढे त्याच दशकाच्या अखेरीस कॅटापल्ट काढून नौकेच्या नाळेवर चढणीचा उतार, म्हणजे ‘स्की-जंप’ बांधण्यात आला. आरंभी तिच्यावर चाळीस मिलिमीटरच्या सोळा बोफोर्स तोफा होत्या; नंतर त्या आठवर आल्या. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती सेवानिवृत्त झाली.

याचा अर्थ असा, की नाळेवर स्की-जंप आणि डेकवर सी हॉक, अशी ‘विक्रांत’ समुद्रात कधीच नव्हती. १९७१ ची नौका करावयाची तर डेक सपाट हवे, पुढे कॅटापल्टची खाच हवी आणि ॲलिझे विमानांचे पंखे हवेत. फ्रान्सच्या हेलर कंपनीने ‘आरोमांश’ या नौकेचा १:४०० प्रमाणातील संच काढला होता. ती ‘विक्रांत’च्या अगदी जवळच्या वर्गातील नौका. अशा संचातून सुरुवात करता येते. पण मनोरा, डोलकाठ्या, रडार आणि डेकची तिरकी बाजू यांचे काम जुन्या छायाचित्रांवरूनच करावे लागते.

‘दिल्ली’चे उदाहरण याहून बोलके आहे. ‘अकिलीस’ नावाने या क्रूझरने १३ डिसेंबर १९३९ रोजी रिव्हर प्लेटच्या लढाईत ‘एजॅक्स’ आणि ‘एक्झेटर’ यांच्यासह जर्मनीच्या ‘ग्राफ श्पे’शी झुंज दिली होती. १९४८ मध्ये ती भारताकडे आली. १९५६ च्या ‘द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट’ या चित्रपटात तिने ‘अकिलीस’ म्हणून स्वतःचीच भूमिका केली! एअरफिक्सने १:६०० प्रमाणात ‘एजॅक्स’चा संच काढला होता. ती ‘अकिलीस’ची भगिनी नौका असल्याने नाव बदलले की काम झाले, असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात १९३९ मध्ये ‘एजॅक्स’वर चार इंची तोफा जोडीने होत्या, ‘अकिलीस’वर एकेकट्या. शिवाय जानेवारी १९४३ मध्ये पॅसिफिकमध्ये जपानी बॉम्बने ‘अकिलीस’चा मागील भागातील एक तोफमनोरा निकामी केला, दुरुस्तीत तो काढून त्या जागी विमानविरोधी तोफा बसवण्यात आल्या. म्हणून भारतीय ‘दिल्ली’ची प्रतिकृती करणाऱ्याला संचातील चारपैकी एक मनोरा बाजूलाच ठेवावा लागतो. येथे एक भाग कमी बसवणे हेच अचूकतेचे लक्षण ठरते.

हात, हवा आणि धूळ

पितळी भाग बसवण्याची शिस्त ठरलेली आहे. प्रथम संचातील जाड, ठोकळेबाज भाग पात्याने तासून काढतात. पितळी पत्रा धुऊन प्रायमर देतात, कारण धातूवर रंग सहज धरत नाही. भाग काच किंवा फरशीच्या तुकड्यावर ठेवून कापावा. मऊ पृष्ठभागावर तो वाकतो. कडक पितळ वळवायचे असेल तर ते क्षणभर ज्योतीवर धरून नरम करतात. चिकटवण्यासाठी सुपरग्लूचा थेंब थेट न टाकता सुईच्या टोकाने लावतात. काम नेहमी मध्यभागाकडून कडेकडे करावे आणि कठडे शेवटी बसवावेत. नाहीतर पुढच्या कामात हाताच्या धक्क्याने ते मोडतात. डोलकाठीवरील तारांसाठी संचाच्या प्लास्टिकची उरलेली कांडी मेणबत्तीवर नरम करून ओढली की केसासारखा धागा निघतो. हा उपाय जुना असला तरी आजही तितकाच उपयोगी आहे.

चंद्रपूर जिल्ह्याच्या हवामानात काही गोष्टींकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. सुपरग्लू हवेतील ओलाव्याने घट्ट होतो. त्यामुळे मुंबईच्या दमट हवेत तो चटकन धरतो, तर वैशाखातील कोरड्या हवेत त्याला वेळ लागतो. उलट ॲक्रिलिक रंग कुंचल्याच्या टोकावरच वाळतो. त्यात वाळण्याचा वेग कमी करणारे द्रव्य मिसळावे लागते. रेझिनचे बारीक भाग तापलेल्या खोलीत किंवा उन्हात ठेवलेल्या मोटारीत वाकतात. सर्वांत मोठा शत्रू धुळीचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये चंद्रपूरची गणना अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केली होती. कोळसा आणि सिमेंटच्या पट्ट्यात ओल्या रंगावर बसलेला एक कण १:७०० च्या प्रमाणात दगडाएवढा दिसतो आणि पितळी जाळीत अडकलेली धूळ पुसता येत नाही. रंग वाळेपर्यंत झाकण आणि काम संपल्यावर काचेची पेटी, ही येथे चैन नसून गरज आहे. रेझिन घासताना मुखपट्टी लावणे आणि पितळ कापताना डोळ्यांवर चष्मा असणेही तितकेच आवश्यक. फेरिक क्लोराइड घरी वापरणाऱ्यांनी ते मोरीत ओतू नये.

लोखंड गेले, आकार उरला

सेवानिवृत्तीनंतर ‘विक्रांत’ २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून खुली होती. सुरक्षिततेच्या कारणावरून २०१२ मध्ये ती बंद झाली. २०१४ च्या आरंभी सुमारे ६० कोटी रुपयांत तिचा लिलाव झाला. तिला वाचवण्याचे प्रयत्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचूनही निष्फळ ठरले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये दारूखाना येथे ती तोडण्यास सुरुवात झाली. तिच्या लोखंडाचा काही भाग २०१६ मध्ये बजाजच्या ‘व्ही’ मोटारसायकलीत वापरला गेला. काही धातू मुंबईतील लायन गेटजवळच्या स्मारकात आहे. ‘दिल्ली’ १९७८ मध्ये निवृत्त होऊन मोडीत निघाली. तिचा एक तोफमनोरा भारताने न्यूझीलंडला भेट दिला. तो ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नाविक तळावर पाहावयास मिळतो. ‘विराट’ही ६ मार्च २०१७ रोजी निवृत्त झाली आणि पुढे अलंगच्या किनाऱ्यावर तोडण्यात आली. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेली नवी ‘विक्रांत’ जुन्या नौकेचे नाव पुढे नेते, तिचा आकार नव्हे.

म्हणूनच टेबलावरच्या प्रतिकृतीतील कठड्याचे महत्त्व त्याच्या दीड मिलिमीटरपुरते राहत नाही. ज्या डेकवर नौसैनिक वावरले, विमाने उतरली, ते डेक आता कोणालाही मोजता येणार नाही. उरली आहेत छायाचित्रे, कागदपत्रे आणि त्यावर काम केलेल्यांच्या आठवणी. त्या ताडून पाहून बसवलेला प्रत्येक भाग हा नोंदीचाच एक प्रकार ठरतो. चुकीचा भागही तितकीच ठाम, पण खोटी नोंद करतो. ज्याला हा छंद सुरू करावयाचा असेल, त्याने पितळी पत्रा मागवण्याआधी कागदाच्या चिठ्ठीवर नौकेचे नाव आणि त्यापुढे एक वर्ष लिहावे. कोणते भाग घ्यायचे आणि कोणते टाळायचे, ते ती चिठ्ठीच सांगेल.