पेट्रोलच्या बाग-ट्रॅक्टरला डिझेलचे इंजिन

आमच्या न्यासाच्या अवजारघरात एक लहान बाग-ट्रॅक्टर आहे. एका सभासद कुटुंबाने तो देणगीदाखल दिला. केळीच्या दोन ओळींमधून तो सहज जातो. ज्यांच्या दारी बैलजोडी नाही आणि मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणणे ज्यांस परवडत नाही, अशा कुटुंबांना तो पाळीपाळीने मिळतो. पण तो पेट्रोलवर चालतो. त्यामुळे दर हंगामात कोणी ना कोणी सभासद आम्हांस विचारतोच, "विहिरीवर वीज आली, पंपाचे जुने डिझेल इंजिन घरी पडून आहे. ते या ट्रॅक्टरला बसविले तर?" प्रश्न रास्त आहे. आम्ही एकदा तसे करूनही पाहिले आणि फसलो. त्यातून जे समजले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने सर्व कुटुंबांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. टाकीत पेट्रोलऐवजी डिझेल ओतल्याने पेट्रोलचे इंजिन डिझेलचे होत नाही. पेट्रोलच्या इंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण कार्ब्युरेटरमध्ये तयार होते, दट्ट्या ते सुमारे आठ-नऊ पट दाबतो आणि प्लगची ठिणगी ते पेटविते. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते. तेथे नुसती हवा सोळा ते बावीस पट दाबली जाते. एवढ्या दाबाने ती पाचशे अंशांहून अधिक तापते आणि त्या तापल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा सुटताच तो आपोआप पेट घेतो. हा दाब सोसण्यासाठी त्याचे सिलिंडर, दट्ट्या, दांडा सारेच जाड व जड करावे लागते. म्हणून रूपांतर करणे याचा अर्थ जुने इंजिन उतरवून दुसरे चढविणे, हाच होय.

जर्मनीत रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले. आपल्याकडे १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली व पुण्याजवळ खडकी येथे तिचा कारखाना निघाला. तेथील इंजिने पुढे विहिरीविहिरींवर पोहोचली. ही पंपाची इंजिने दणकट खरी, पण ती एका जागी बसून काम करण्यासाठी घडविलेली. आमची चूक येथेच झाली. आम्ही पाच अश्वशक्तीचे असेच एक इंजिन ट्रॅक्टरवर चढविले. अश्वशक्ती जुळली, बाकी काहीच जुळले नाही.

पहिली गोष्ट वेगाची. आमचे पेट्रोल इंजिन मिनिटाला ३६०० फेरे घेई. त्याच्या दांड्यावर चार इंची पुली आणि गिअरपेटीवर आठ इंची. म्हणजे गिअरपेटीला १८०० फेरे मिळत. पंपाचे इंजिन १५०० फेऱ्यांचे. पुली तीच ठेवल्याने गिअरपेटीला मिळाले फक्त ७५० फेरे, आणि ट्रॅक्टर मुंगीच्या पावलाने चालू लागला. पूर्वीचा वेग हवा असता, तर इंजिनाची पुली सुमारे साडेनऊ इंचांची लागली असती. हिशेब सोपा आहे: इंजिनाचे फेरे गुणिले त्याची पुली, हा गुणाकार पूर्वीइतकाच राहिला पाहिजे. तसेच दांडा कोणत्या दिशेने फिरतो तेही पाहावे. दिशा उलटी असेल तर पुढचा गिअर टाकल्यावर ट्रॅक्टर मागे जाईल. काही बाग-ट्रॅक्टरांत इंजिनाचा दांडा उभा असतो. लहान डिझेल इंजिने बहुधा आडव्या दांड्याची असल्याने अशा ट्रॅक्टरच्या वाटेस जाऊच नये.

दुसरी गोष्ट वजनाची. पाच-सहा अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन पंधरा-वीस किलोंचे, तर पंपाचे डिझेल इंजिन शंभर किलोंच्या पुढचे. सुकाणू जड झाले, पुढची चाके ओल्या मातीत रुतू लागली. त्यात एका सिलिंडरच्या डिझेलचे हादरे मोठे. तिसऱ्या दिवशी बैठकीचे वेल्डिंग तडकले. हे काम करावयाचेच असेल तर जलद फेऱ्यांचे, हवेने थंड होणारे हलके डिझेल इंजिन घ्यावे, बैठकीची पट्टी जाड घ्यावी आणि खाली रबराचे गट्टू द्यावेत.

तिसरी गोष्ट इंधनाच्या वाटेची. डिझेलला चांगली गाळणी हवी आणि नोझलमधून झिरपलेले डिझेल टाकीत परतण्यासाठी वेगळी नळी हवी. जुनी टाकी आतून धुऊन कोरडी करावी. नळीत हवा राहिली तर इंजिन सुरू होत नाही. ती हवा पंपाचा स्क्रू ढिला करून काढावी लागते. मात्र नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये. तो कातडी भेदून आत शिरतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पेट्रोलचे इंजिन किल्ली फिरविली की थांबते, कारण ठिणगी बंद होते. डिझेलला ठिणगीच नाही, तेव्हा किल्लीने काय थांबणार? त्याचे इंधनच तोडावे लागते. हे आमच्या ध्यानात राहिले नाही. चालविणाऱ्या मुलाने सवयीने किल्ली फिरविली, तो खाली उतरला, आणि ट्रॅक्टर तसाच बांध ओलांडून पाटात गेला. मुलाच्या पायाला खरचटण्यावर निभावले, ही ईश्वराची कृपा. दोष त्याचा नव्हता, आमचा होता. इंधन तोडणारी दांडी चालकाच्या हाताशी असल्यावाचून असे यंत्र शेतात नेऊ नये. बसकेखालचा सुरक्षेचा स्विचही ठिणगीच तोडतो, हे विसरू नये.

आता पैशाचे. पाच अश्वशक्तीचे पुरते काम तासभर घेतले, तर लहान पेट्रोल इंजिनाला ठोकळमानाने पावणेदोन लिटर पेट्रोल लागते आणि डिझेल इंजिनाला सव्वा लिटर डिझेल. म्हणजे तासाला अर्धा लिटर वाचतो. वर्षाला शंभर तास काम असेल तर पन्नास लिटर. नव्या इंजिनाची, पुलीची व बैठकीची किंमत या बचतीतून किती वर्षांत फिटेल, हे प्रत्येकाने कागदावर मांडून पाहावे. जुने इंजिन झिजून गेले असेल आणि काम रोजचे असेल, तर रूपांतर फायद्याचे ठरू शकते. चांगले चालणारे इंजिन काढून टाकणे मात्र बहुधा तोट्याचे. ट्रॅक्टर परिवहन कार्यालयात नोंदलेला असेल, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार इंजिन बदलण्यास परवानगीही लागते.

डिझेलवर लहान यंत्र नीट चालतच नाही, असे मात्र कोणी समजू नये. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी १९९४ साली बुलेट मोटारसायकलीच्या मागच्या चाकाच्या जागी दोन चाके व औतांचा सांगाडा जोडून डिझेलवर चालणारी 'बुलेट सांती' तयार केली आणि ती शेतात यशस्वी झाली. फरक इतकाच की तेथे इंजिन, चाके आणि औत यांचा मेळ आधी घातला गेला. आम्ही इंजिन आधी चढविले आणि विचार मागाहून केला.

आमचा ट्रॅक्टर आज पुन्हा पेट्रोलवर चालत आहे. पंपाचे ते इंजिन आम्ही पक्क्या ओट्यावर बसविले असून त्यावर कडबाकुट्टी चालते. एका जागी बसून ते उत्तम काम देते. ज्या सभासदांच्या मनात असे रूपांतर असेल, त्यांनी पाना हाती घेण्यापूर्वी फेरे, पुली, वजन आणि थांबविण्याची दांडी, या चार गोष्टी लिहून अवजारघरात यावे. आपण बसून हिशेब करू. ज्या यंत्रावर आपली मुले बसतात, त्याचा हिशेब चारचौघांनी मिळून केलेला बरा.