भागाकार ३.९ आला, मग?

पाळी जाऊन काही वर्षं लोटल्यावर आईच्या अंगावरून पुन्हा जायला लागलं. तपासणीत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघाला, पण पहिल्या टप्प्यातला. पिशवी काढली, सगळं सुरळीत पार पडलं. मग मुलीच्या वाचनात आलं की, साध्या सीबीसी या रक्ततपासणीतल्या न्यूट्रोफिल्सना लिम्फोसाइट्सनी भागलं की आजार उलटण्याचा धोका कळतो. ऑपरेशनपूर्वीच्या रिपोर्टवर आकडे होते ७४ आणि १९. भागाकार आला ३.९, आणि वाचलेल्या मजकुरात २.५ च्या वर धोका सांगितलेला. ‘आता काय करायचं?’ असं या वाचक भगिनीने विचारलं आहे.

न्यूट्रोफिल्स आणि लिम्फोसाइट्स या रक्तातल्या पांढऱ्या पेशी; त्यांच्या भागाकाराला एनएलआर म्हणतात. प्लेटलेट्सना लिम्फोसाइट्सनी भागलं की पीएलआर. शिवाय दाह असला की रक्तात चढणारं सीआरपी हे प्रथिन आहेच. हे आकडे चढे असलेल्या स्त्रिया सरासरीने कमी जगतात, असं सांगणारे शोधनिबंध या कर्करोगातही बरेच आहेत. त्यामागचं जीवशास्त्र खरं आहे आणि विलक्षण सुंदरही.

बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खो यांना कर्करोगाच्या गाठींमध्ये पांढऱ्या पेशी दिसल्या होत्या. सतत दाह होणाऱ्या जागी कर्करोग मूळ धरतो, असं त्यांनी १८६३ मध्ये मांडलं. पुढे ही कल्पना बराच काळ मागे पडली. १९८६ मध्ये बोस्टनच्या हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी लिहिलं की, गाठ म्हणजे न भरणारी जखम. हा नुसता शब्दांचा खेळ नव्हता. गाठीतल्या रक्तवाहिन्या पाझरतात, त्यातून फायब्रिनोजेन बाहेर येऊन गोठतं, फायब्रिनचं जाळं तयार होतं आणि त्या जाळ्याच्या आधाराने नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात. बोट कापलं की नेमकं हेच घडतं, फक्त तिथे काम उरकलं की थांबतं. हा पाझर घडवणारं प्रथिन ड्वोरॅक यांच्या प्रयोगशाळेने १९८३ मध्येच गिनीपिगच्या गाठींमधून दाखवून दिलं होतं. पुढे तेच प्रथिन व्हीईजीएफ या नावाने जगभर गाजलं, त्याच्याविरुद्ध औषधं आली. ड्वोरॅक यांचं नाव मात्र सामान्य वाचकापर्यंत पोहोचलंच नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

जखम आहे असं समजून शरीर कुमक धाडतं. इंटरल्युकिन-६ सारखे रेणू यकृताला सीआरपी बनवायला लावतात. न्यूट्रोफिल्स आणि प्लेटलेट्स वाढतात. कर्करोगाच्या पेशी हुडकून मारण्याची भिस्त ज्यांच्यावर, त्या लिम्फोसाइट्सचं प्रमाण घटतं. भागाकार चढतो तो असा.

पण तो दाढ सुजली तरी चढतो. स्टेरॉइडचं इंजेक्शन, धूम्रपान, मधुमेह, ऑपरेशनच्या धास्तीने जागून काढलेली रात्र, कशानेही चढतो. या कर्करोगात तर आणखी एक गुंता आहे. शरीरातल्या चरबीत इस्ट्रोजेन तयार होतं आणि पाळी गेल्यावरही ते अस्तराला वाढवत राहतं. म्हणून लठ्ठपणा हे या आजाराचं मोठं कारण. तीच चरबी मंद दाहही धगधगत ठेवते, आणि तो दाह हृदयविकाराचाही सोबती आहे. पहिल्या टप्प्यात निदान झालेल्या स्त्रियांमध्ये पुढे या कर्करोगापेक्षा हृदयविकाराने जास्त मृत्यू होतात. तेव्हा कोणत्याही कारणाने झालेला मृत्यू मोजणाऱ्या अभ्यासात एनएलआर गाठीबद्दल बोलतोय की हृदयाबद्दल, हे सांगणं कठीण होतं.

आणि ती २.५ ची रेघ? कुठे ती २ च्या आसपास असते, कुठे ३ च्या वर. अनेक अभ्यासांत संशोधक जुन्या फायली काढतात, कोणती स्त्री वाचली आणि कोणती नाही हे आधीच ठाऊक असतं, मग दोन गटांत सर्वांत मोठा फरक पडेल तिथे रेघ मारतात. शाळेने निकाल हातात आल्यावर पास होण्याचे गुण ठरवावेत, तसं हे. इंग्लंडचे संख्याशास्त्रज्ञ डग्लस ऑल्टमन यांनी १९९४ मध्ये सहकाऱ्यांसह याचा हिशेब मांडला होता. अशी रेघ शोधत बसलं तर मुळात कसलाही संबंध नसताना तो ‘सापडण्याची’ शक्यता ५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या आसपास जाते. पहिल्या टप्प्यात तर आजार उलटणाऱ्या स्त्रिया मुळातच थोड्या. शंभर-दोनशे जणींच्या अभ्यासात त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघतात आणि रेघ जरा सरकली की निष्कर्ष पालटतो. ऑल्टमन २०१८ मध्ये गेले. त्यांचा तो लेख वाचून मगच कुणी नवी रेघ आखावी, असं मला कळकळीने वाटतं.

त्यामुळे या ३.९ वरून आईच्या भवितव्याबद्दल काहीही ठरत नाही. ठरतं ते पिशवीच्या तपासणीवरून. गाठ स्नायूच्या थरात किती खोल गेली, पेशींची ग्रेड काय, बारीक रक्तवाहिन्यांत आणि लसवाहिन्यांत पेशी शिरल्या होत्या का, हे पॅथॉलॉजिस्टच्या रिपोर्टमध्ये असतं. २०१३ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून या कर्करोगाचे चार गट स्पष्ट झाले. ‘पोल’ जनुकात विशिष्ट बिघाड असलेल्या गटाची प्रकृती सहसा उत्तम राहते, पी-५३ बिघडलेल्या गटाला जास्त जपावं लागतं. २०२३ पासून आंतरराष्ट्रीय टप्पे ठरवतानाही हे गट, माहीत असतील तर, धरले जातात.

काढलेल्या गाठीचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत जपून ठेवलेले असतात. त्यांच्यावर पी-५३ आणि एमएमआर या तपासण्या झाल्या आहेत का, एवढं डॉक्टरांना विचारा; झाल्या नसतील तर त्याच ठोकळ्यांवर आजही करता येतात. एमएमआरची, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी, प्रथिनं नाहीशी झालेली दिसली तर त्यामागे कधीकधी लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक दोष असतो. तसं निघालं तर आईच्या भावंडांची आणि मुलांची जनुकीय तपासणी करून घ्यावी, आणि दोष सापडला तर आतड्याची दुर्बिणीतून नियमित तपासणी लागते. त्यात तुम्हीही आलात.