'झामेक बिघडलाय' म्हणजे किल्ला, कुलूप की चेन? एका पोलिश शब्दाने का होतो गोंधळ

समजा, तुम्ही शिक्षणासाठी पोलंडमध्ये आहात. घरमालकाचा मेसेज येतो, 'झामेक दुरुस्त करायला माणूस पाठवतोय.' तुम्ही ॲपमध्ये तेवढा एकच शब्द टाकता आणि उत्तर येतं, किल्ला!

ॲप चुकलेलं नाही. वॉर्सातला राजवाडा पोलिशमध्ये 'झामेक'च आहे. नाझी सैन्याने १९४४ मध्ये तो सुरुंगांनी उडवला. पुन्हा उभारलेली वास्तू १९८४ मध्ये लोकांसाठी खुली झाली. पण दाराचं कुलूपही झामेक आणि जॅकेटची चेनही झामेक. चेनचं पूर्ण नाव 'झामेक ब्विस्काविच्नी', म्हणजे विजेच्या वेगाचं कुलूप. बोलताना दुसरा शब्द गळून जातो. बंदुकीच्या बोल्टलाही हाच शब्द आहे.

किल्ला आणि कुलूप एकत्र कसे आले?

शब्दाच्या मुळाशी 'बंद करणे' हे क्रियापद आहे. जर्मनमध्ये 'श्लोस' म्हणजे कुलूपही आणि गढी-राजवाडाही. तीच जोडी चेकमध्ये आणि पोलिशमध्ये आली. (आपल्याकडे किल्ला आणि किल्ली सख्खे वाटतात, पण तो योगायोग. किल्ला अरबीतून आला, किल्लीचं नातं संस्कृत 'कील'शी.)

रशियनमध्ये याच शब्दाचा आघात बदलतो, त्यामुळे किल्ला आणि कुलूप कानाला वेगळे कळतात. पोलिशमध्ये तीही सोय नाही. फरक दिसतो तो षष्ठीत. किल्ल्याचा असेल तर 'झाम्कू', कुलपाचा किंवा चेनचा असेल तर 'झाम्का'. म्हणजे 'न्ये मा झाम्कू' म्हटलं की किल्ला नाही, 'न्ये मा झाम्का' म्हटलं की कुलूप नाही. एका स्वराचा खेळ! सप्तमीत मात्र पुन्हा घोळ. 'क्लुच व् झाम्कू' म्हणजे किल्ली कुलपात आहे की किल्ल्यात, हे संदर्भावरूनच ओळखायचं.

मग करायचं काय?

एकटा शब्द शोधू नका, पूर्ण वाक्य टाका. बोलतानाही वस्तू जोडून सांगा: दाराचा झामेक, जॅकेटचा झामेक. हिवाळ्यात रात्री दाराबाहेर अडकलात तर ही खबरदारी फार कामाची. आणखी सोपं म्हणजे थेट कारागिराचं नाव शोधा. चेन बिघडली तर 'क्राव्येत्स', म्हणजे शिंपी. कुलूप अडकलं तर 'श्लुसाश'. हा शब्दही जर्मन 'श्लोसर'वरून आलेला, पण तो किल्ले दुरुस्त करत नाही.