सुरतेचे घर का विकले जात नाही?

सुरतेत तीन-चार पिढ्या काढलेल्या मराठी कुटुंबांच्या बोलण्यात अलीकडे एक विषय हटकून निघतो. जुन्या शहरातले वडिलार्जित घर विकायला काढले आहे, पण ते विकले जात नाही. दलाल येतात, ओटल्यावर बसून चहा घेतात, माडीपर्यंत चढून लाकडी खांबांवर बोटाने टिचकी मारून पाहतात आणि "कळवतो" म्हणून निघून जातात. वर्षे सरतात. मागच्या भिंतीत रुजलेला पिंपळ तेवढा वाढत राहतो.

शिवछत्रपतींनी 1664 आणि 1670 साली सुरत लुटली, यावरून आपले गुजराती शेजारी आजही आपली थट्टा करतात. पण लुटायला आलेल्यांपेक्षा राहायला आलेले मराठी लोक कितीतरी अधिक. गायकवाडांचे पहिले ठाणे सोनगडला, सुरतेपासून फार दूर नाही. पुढे मुंबई इलाख्याच्या कचेऱ्या, न्यायालये, शाळा आणि रेल्वे यांनी कोकण-देशावरची कारकून-मास्तर मंडळी येथे आणली. ताप्ती खोऱ्यातून आगगाडी सुरू झाल्यावर खानदेश आणि सुरत यांचे अंतर एका रात्रीचे झाले, आणि गिरण्या-मागांच्या ओढीने तिकडची माणसे लिंबायत-उधन्याच्या बाजूला वसली. 1 मे 1960 रोजी द्विभाषिक राज्याचे दोन भाग झाले, तेव्हा अनेकांना "आता तुम्ही परत जाणार का?" असे विचारले गेले. ज्यांनी "नाही" असे उत्तर दिले, त्यांनी ते तोंडाने दिले तसे घर बांधून किंवा विकत घेऊनही दिले. म्हणून या घरांचे मोल केवळ चौरस फुटांत होत नाही, आणि म्हणूनच ती विकताना हात अडखळतो.

शहर पुढे निघून गेले

विक्री अडण्याचे पहिले कारण घरात नाही, शहरात आहे. कोटाच्या आतली जुनी सुरत जेमतेम आठ चौरस किलोमीटरची. महानगरपालिकेचे क्षेत्र 2006 साली सुमारे 112 चौरस किलोमीटरवरून 326 वर गेले आणि 2020 साली 460 च्या घरात पोचले. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 44 लाखांवर भरली. ही वाढ अडाजण, पाल, वेसू, वराछा, दिंडोली या बाजूंना झाली. ज्याच्या हातात पैसा आला, त्याला उद्वाहन आणि मोटार ठेवायला जागा हवी. शेरीत दुचाकी वळवतानाही शेजाऱ्याची पायरी चुकवावी लागते.

ही घरे अरुंद आणि खोल. दर्शनी रुंदी दहा-बारा फूट, लांबी त्याच्या चौपट-पाचपट. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. सागवानी सांगाडा, त्यात विटांचे भरण, आणि कित्येक घरांत जमिनीखाली पावसाच्या पाण्याचे टांके. 1837 च्या एप्रिलमधील आगीत सुरतेची नऊ हजारांहून अधिक घरे जळाली आणि त्याच वर्षी तापीचा पूरही आला. तरी लोकांनी पुन्हा लाकडाचीच घरे उभारली. आज तेच लाकूड खरेदीदाराला भीती घालते. एक घर पाडायचे तर सामाईक भिंतीमुळे दोन्ही शेजाऱ्यांची संमती आणि सुरक्षितता पाहावी लागते. नव्या इमारतीला उंची किती मिळेल, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. रस्तारुंदीची रेषा प्लॉटमधून जात असेल, तर तेवढी जमीन खरेदीदार हिशेबात धरतच नाही. 1994 च्या प्लेगनंतर आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत रस्ते मोकळे करण्याचा जो धडाका झाला, त्याची आठवण जुन्या मालकांना आहे, तशीच ती गिऱ्हाइकांनाही आहे.

पुराचे भय वेगळेच. ऑगस्ट 1968 चा पूर पाहिलेल्यांना 1972 साली पूर्ण झालेल्या उकाई धरणाने दिलासा दिला होता. ऑगस्ट 2006 मध्ये त्याच धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले आणि शहराचा बहुतांश भाग बुडाला. तेव्हापासून तळमजल्याच्या भिंतीवरील पाण्याची रेघ पाहिल्याशिवाय कोणी भाव सांगत नाही.

एक विचित्र गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. घराला गिऱ्हाईक नाही, पण घरातल्या कोरीव खांबांना, तोरणांना, दरवाजांना आहे. जुन्या लाकडाचे व्यापारी रोख पैसे घेऊन येतात. नर्मद कवीचे घर महानगरपालिकेने जतन केले म्हणून ते उभे राहिले. सामान्य गृहस्थाच्या घराला तसा वाली नसतो. ते तुकड्या-तुकड्यांनी विकले जाते आणि शेवटी रिकामा सांगाडा उरतो.

दहा सह्यांचे घर

परंतु हे सारे अडथळे भाव कमी करून पार करता येतात. भाव कितीही कमी केला तरी जो अडथळा हटत नाही, तो कागदांचा आहे. माझ्या परिचयातील एका घराचे उदाहरण घेतो. नावगाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण अशी घरे पुष्कळ आहेत.

आजोबांनी स्वकष्टाने घर घेतले. 1964 साली ते मृत्युपत्र न करता वारले. मागे आजी, तीन मुलगे आणि दोन मुली. घरातल्या सर्वांची समजूत अशी, की घर तिघा मुलांचे. मुली लग्न होऊन गेल्या. समजूत चुकीची होती. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे स्वकष्टार्जित मिळकतीत विधवा, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो. मुलींचा हक्क 2005 साली जन्माला आला, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतील जन्मसिद्ध हक्काबाबत ते खरे आहे, आणि तो हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली अधिक स्पष्ट केला. पण आजोबांच्या स्वतःच्या कमाईच्या घरात आत्यांचा वाटा 1964 सालीच पडला होता. राहत्या घराची वाटणी मागण्याला मात्र त्या काळी मुलींना कलम 23 ची आडकाठी होती. पुरुष वारस वाटणी करतील तेव्हाच त्यांना वाटा मागता येई. 2005 च्या दुरुस्तीने ते कलम गेले.

आता गणित पाहा. सुरुवातीला सहा वारस, प्रत्येकाचा सहावा हिस्सा. पुढे आजी गेल्या. त्यांचा हिस्सा पाच मुलांत वाटला जाऊन प्रत्येकाचा पाचवा हिस्सा झाला. थोरले काका वारले. मागे काकू आणि तीन मुले, म्हणजे प्रत्येकी विसावा हिस्सा. एक आत्या वारल्या. मागे यजमान आणि दोन मुले, प्रत्येकी पंधरावा. उरलेली तीन भावंडे हयात आहेत. अशा रीतीने एका घराला दहा मालक झाले: काही सुरतेत, काही पुण्यात, एक नागपुरास, दोघे अमेरिकेत. खरेदीखतावर दहाही सह्या हव्यात. परदेशातल्यांचे मुखत्यारपत्र तेथे रीतसर साक्षांकित होऊन यावे लागते आणि येथे पोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. नऊजण तयार असतात तेव्हा दहावा घरच्या लग्नात गुंतलेला असतो. तो मोकळा होतो तेव्हा दुसऱ्याचे मन बदललेले असते. एखादा वारस सर्वांची वाट पाहून दमून वारला, की त्याच्या जागी तीन नव्या सह्या उभ्या राहतात.

"मग ज्याला विकायचे त्याने आपला हिस्सा विकावा," असे कोणी म्हणेल. तो घेणार कोण? राहत्या घराचा अविभक्त हिस्सा बाहेरच्याने घेतला, तरी कुटुंबीयांबरोबर सामाईक ताबा त्याला मागता येत नाही. वाटणीचा दावा त्याने लावला, तर 1893 च्या कायद्याप्रमाणे घरातल्या भागीदाराला तो हिस्सा न्यायालयाने ठरविलेल्या किमतीला परत घेता येतो. कायदा कुटुंबाच्या भल्याचाच आहे; पण सुटा हिस्सा बाजारात मातीमोल होतो, हाही त्याचाच परिणाम.

या घरात आज एकट्या काकू राहतात. पन्नास वर्षांपूर्वी त्या या उंबऱ्यातून आत आल्या. सासूचे आजारपण त्यांनी काढले, 2006 च्या पुरात तीन दिवस माडीवर बसून काढले, गळणारी कौले वर्षानुवर्षे स्वतःच्या पैशाने बदलली. गुडघे गेल्यामुळे आता जिना चढवत नाही. उद्वाहनाच्या इमारतीत एक खोली मिळावी, एवढीच त्यांची इच्छा. कायद्याने त्यांचा हिस्सा विसावा. घराला एक कोट रुपये आले असे धरले, तरी त्यांच्या वाट्याला पाच लाख येतील. त्यात सुरतेत खोली येत नाही. घर न विकण्यात त्यांचे हाल आहेत आणि विकण्यात त्या बेघर होतात. दलालांना "बघू" म्हणणाऱ्या या बाईला नातेवाईक हट्टी म्हणतात. त्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

भाडेकरू आणि परवानगी

पुष्कळ घरांच्या तळमजल्यावर जरीवाल्याचे किंवा धाग्याच्या व्यापाऱ्याचे दुकान असते. 1947 चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा गुजरातच्या शहरांनाही लागू राहिला आणि त्याच्या आधाराने भाडेकरूच्या दोन-दोन पिढ्या नाममात्र भाड्यात राहिल्या. असे घर विकताना गिऱ्हाईक "खाली करून द्या" म्हणते आणि भाडेकरू मालकाइतकीच रक्कम मागतो. दोघांच्या मध्ये मालक पावत्यांचा गठ्ठा घेऊन उभा.

दुसरी परवानगी सरकारची. अशांत क्षेत्रातील स्थावर मिळकतीच्या हस्तांतरणावर निर्बंध घालणारा गुजरातचा 1991 चा कायदा, ज्याला बोलीत "अशांत धारा" म्हणतात, जुन्या सुरतेतील कित्येक भागांना लागू आहे. अशा भागात विक्रीपूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. विक्री राजीखुशीने आणि वाजवी किमतीला होत आहे, याची चौकशी होते. परवानगीशिवाय केलेला व्यवहार कायद्याने टिकत नाही. दंग्यांच्या काळात भीतीपोटी घरे कवडीमोलाने विकली जाऊ नयेत, हा मूळ हेतू. टीकाकार म्हणतात की त्यामुळे वस्त्या धर्मानुसार अधिकच विभागल्या गेल्या. मतभेद काहीही असोत, विक्रेत्याच्या दृष्टीने वेळ लागतो, गिऱ्हाइकांची संख्या घटते आणि बानाखताची मुदत उलटून जाते.

मनातला भाव

शेवटचे कारण आपल्या मनात आहे. वेसूच्या नव्या सदनिकेचा चौरस फुटाचा दर ऐकून आपण तोच आपल्या घराला लावतो. खरेदीदार जमिनीचा भाव करतो, त्यातून पाडण्याचा खर्च वजा करतो, भाडेकरूचे पैसे वजा करतो, दहा सह्यांसाठी लागणारी दोन वर्षे वजा करतो. बँक अशा घरावर सहजी कर्ज देत नाही, म्हणून गिऱ्हाईक रोखीचेच लागते. वर सरकारी जंत्री एप्रिल 2023 पासून दुप्पट झाली आहे. खरी किंमत जंत्रीच्या फारच खाली गेली, तर प्राप्तिकराच्या दृष्टीने जंत्रीचाच आकडा धरला जातो आणि न मिळालेल्या पैशावर कर भरण्याची पाळी येते. मनातला भाव, बाजारातला भाव आणि जंत्रीतला भाव असे तीन भाव झाले, की सौदा होत नाही.

मग करावे काय?

विकायचे असो वा नसो, काही गोष्टी आजच कराव्यात. सिटी सर्व्हेच्या मिळकतपत्रिकेवर अजून आजोबांचेच नाव असेल, तर मृत्यूचे दाखले आणि पेढीनामा जोडून वारसांची नोंद करून घ्यावी. वेऱ्याच्या पावतीवर आपले नाव आहे म्हणून निर्धास्त राहू नये. ती कर भरल्याची पावती आहे, मालकीचा पुरावा नव्हे. "मला काही नको" असे आत्या माहेरपणाला आल्या असता म्हणाल्या होत्या, हे खरेदीदार मानत नाही. त्यांची तशी खरोखर इच्छा असेल तर हक्कसोडपत्र लिहून नोंदवावे, आणि नसेल तर त्यांचा वाटा आनंदाने कबूल करावा. हयात वडीलधाऱ्यांनी मृत्युपत्र करावे. भाडेकरूशी बोलणे गिऱ्हाईक येण्यापूर्वीच सुरू करावे. आणि दहाही जणांनी मिळून, कायद्याच्या अपूर्णांकापलीकडे जाऊन, त्या घरात राहून ते राखणाऱ्याच्या निवाऱ्याची सोय आधी लिहून ठेवावी. वरच्या उदाहरणात प्रत्येकाने आपल्या वाट्यातून थोडे थोडे बाजूला काढले, तर काकूंची खोली होते आणि कदाचित त्यांची सहीही त्याच दिवशी मिळते.

आपल्या पूर्वजांनी परमुलखात घर केले, ते मागच्यांना आसरा असावा म्हणून. तेच घर भावंडांत अबोला धरायला कारण होत असेल, तर ते उभे राहूनही पडल्यासारखे आहे. दिवाळीला किंवा गणपतीला सारे एकत्र येतात, तेव्हा फराळाची ताटे उचलल्यावर जुनी लोखंडी पेटी एकदा उघडावी आणि कागद सर्वांनी मिळून वाचावेत. ज्यांना त्यातली प्रत्येक सही ओळखता येते, ती माणसे अजून आपल्यात आहेत, तोवरच हे काम सोपे आहे.