सातबाऱ्यावरची सात नावं

चिंचणीतल्या एखाद्या वाडीचा सातबारा काढून पाहा. आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली आणि वारस म्हणून आजी, दोन काका, तीन आत्या, एका गेलेल्या काकाचा मुलगा अशी सात नावं ओळीने चढलेली. वाडीत राहतो एकच. बाकीचे बोईसर, बोरिवली, एखादा थेट न्यू जर्सीत. चिकू उतरवायला कुणाला विचारावं लागत नाही. पण वाडीवर कर्ज काढायचं म्हटलं की सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरा. आजोबांनी एक कागद केला असता तर हा फेरा टळला असता.

तो कागद म्हणजे मृत्युपत्र. साध्या कागदावर, स्वतःच्या हस्ताक्षरात चालतं. मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदार मात्र हवेतच. करणाऱ्याने त्यांच्यासमोर सही करावी आणि त्यांनीही त्याच्या देखत करावी. ज्याला वाटा मिळणार त्यालाच साक्षीला बसवू नये. उद्या संशय तिथूनच सुरू होतो. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे ती केलेली बरी. ‘ही सही बाबांची नव्हेच’ असं म्हणणाऱ्याची मग पंचाईत होते. वय झालेलं असेल तर डॉक्टरचा दाखलाही जोडावा.

मजकुरात माणसं घसरतात ती अशी: ‘मागची पडवी धाकट्याला.’ पुढे घर पाडून नवं बांधलं, आता पडवी कुठली? गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा लिहाव्यात. ‘उर्वरित मिळकत अमक्याला’ हे एक वाक्यही घालावं, नाहीतर नंतर उघडलेलं खातं लोंबकळत राहतं. स्वकष्टार्जित सगळं देता येतं. वडिलोपार्जितातला फक्त आपला हिस्सा, आणि २००५ पासून त्यात मुलीही मुलांच्या बरोबरीच्या. मुस्लिम घरात वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांशच. आदिवासींना हिंदू उत्तराधिकार कायदा सरसकट लागू नाही, आणि त्यांची जमीन बिगरआदिवासीच्या नावे करण्यावर महसूल संहितेच्या कलम ३६-अ चं बंधन आहे. डहाणू-तलासरीत आपल्याला कोणता कायदा लागू, हा पहिला प्रश्न वकिलाला विचारावा.

सगळ्यात जास्त गैरसमज कुलमुखत्यारपत्राबद्दल. ‘मुलाला मुखत्यारपत्र दिलंय, आता काळजी नाही,’ असं मी कितीदा ऐकलंय! ते देणाऱ्याच्या हयातीपुरतंच असतं. डोळे मिटले की संपलं. त्याहून वाईट म्हणजे देणाऱ्याची बुद्धी चळली तरी आपल्या करार कायद्याप्रमाणे मुखत्यारी संपते. म्हणजे विसरभोळेपण वाढून जेव्हा खरी गरज पडते, नेमका तेव्हाच तो कागद पांगळा होतो आणि पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं. मुखत्यारपत्रावर जमीन ‘विकत’ घेणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्पच्या निकालात स्पष्ट सांगितलंय की याने मालकी मिळत नाही.

ट्रस्ट बहुतेक घरांना लागत नाही. लागतो तो स्वतःचं पाहू न शकणाऱ्या मुलासाठी: मिळकत विश्वस्ताच्या नावे, उत्पन्न मुलासाठी. मृत्युपत्रातूनही तो करता येतो. अशी व्यवस्था चिंचणीला काही नवी नाही. इथे सापडलेल्या शके ८४८ (इ.स. ९२६) च्या ताम्रपटात, राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राच्या काळी संजाणचा कारभार पाहणाऱ्या मुहम्मद या अरब अधिकाऱ्याच्या (ताम्रपटात तो ‘मधुमती’) संमतीने एका मठिकेला गाव आणि जमीन लावून दिलेली आहे. उत्पन्न कशावर खर्चायचं तेही कोरलंय: डागडुजी, देवीचा नैवेद्य, अन्नदान.

माणूस गेल्यावर मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्राची प्रत घेऊन तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) जायचं. तो फेरफार धरतो, सगळ्या हितसंबंधितांना नोटीस काढतो, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहतो आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मृत्युपत्राची मूळ प्रत मात्र एकट्याच्या नावे असलेल्या बँक लॉकरात ठेवू नका. लॉकर उघडायला वारस कोण ते दाखवा म्हणतात, आणि ते दाखवणारा कागद आत असतो.